गुरुवारची डबी

वीटभट्टी वस्तीचा नाला लाल झाला तेव्हा शर्वरी देशमाने चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट विरघळून कपाच्या तळाला गेलं, तरी तिची दोन बोटं तशीच चहावर धरलेली राहिली.

नाला म्हणजे समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावरची एक रेघ. अख्ख्या शहराची गटारं त्या पडद्यावर अशी रेघारेघांनी पसरलेली होती, अंगावरच्या शिरांसारखी. या यंत्रणेला महापालिकेनं नाव दिलं होतं ‘नाडी’. उद्घाटनाला हार-तुरे झाले होते, पुढाऱ्यांनी भाषणं ठोकली होती. शहरात कुणाला काय झालंय ते डॉक्टरच्या आधी गटाराला कळणार होतं, कारण माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, संडासाशी बोलू शकत नाही.

“सापडलं!” बोरगावकर साहेबांनी टाळीच वाजवली. ते केंद्राचे प्रमुख. गेला महिनाभर आयुक्तांच्या शिव्या खाऊन त्यांचा चेहरा सुकला होता, तो एकदम टवटवीत झाला. “मला वाटलंच होतं, वस्तीतूनच निघणार. शर्वरी, त्या नाल्यावर अन्नाचा धंदा कुणाचा आहे बघ.”

महिनाभर शहरातली पोरं आजारी पडत होती. आधी पोटात मुरडा, मग रक्ताचे जुलाब, आणि मग काहींची लघवीच बंद. जंतू नवा नव्हता. तो गाईगुरांच्या आतड्यात सुखानं नांदतो, त्यांना काही करत नाही. माणसाच्या पोटात उतरला की मात्र विष सोडतो. मोठी माणसं चार दिवस कळवळून उठतात. लहान पोरांची मूत्रपिंडं तो धरतो आणि सोडत नाही. दोन पोरं गेली होती.

शर्वरीनं परवान्यांची यादी उघडली. नाल्यावर एकच परवाना निघाला. पल्लवी गायकवाड, घरगुती डबे. कॉलेजच्या हॉस्टेलांना, दोन बालवाड्यांना, बँकेतल्या एकट्या माणसांना. पोळी, भाजी, वरण, भात आणि झाकणबंद पेल्यात ताक.

“काय गं? ओळखीची आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नणंद आहे माझी,” शर्वरी म्हणाली. आणि मग, सवयीनं, “म्हणजे, होती.”

*

होती, कारण नऊ वर्षांपूर्वी पल्लवीनं वीटभट्टीतल्या सुजात गायकवाडशी लग्न केलं, आणि तिच्या वडलांनी, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या इंजिनियर माणसानं, जिवंत पोरीच्या नावानं अंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं, भटजींना दक्षिणा दिली, आणि संध्याकाळी टीव्हीवर मॅच बघितली. शर्वरी तेव्हा नवी सून होती. टॉवेल तिनंच नेऊन दिला होता. मरताना त्यांनी बायकोकडून वचन घेतलं, की त्या मुलीशी तोंडातून शब्द काढायचा नाही. सुनेत्राबाईंनी ते पाळलं. घरात पल्लवीचा फोटो नाही, नाव नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर: “आम्हाला एकच मुलगा.”

शर्वरी घरी पोचेस्तोवर मधुबन सोसायटीच्या ग्रुपवर धिंगाणा सुरू झाला होता. ‘त्या लोकांच्या हातचं खाल्लं की हेच व्हायचं.’ ‘वस्तीच उठवा.’ चेअरमन दाभाड्यांनी हात जोडलेली खूण टाकून लिहिलं होतं, ‘आपण स्वच्छ आहोत, सुरक्षित आहोत.’ खाली अंगठ्यांची रांग. या दाभाड्यांच्याच घरचं दही दर दोन दिवसांनी शर्वरीच्या सासूच्या विरजणानं लागायचं. सोसायटीतल्या निम्म्या घरांचं लागायचं. सुनेत्राबाईंच्या दह्याची कवडी अशी, की वाटी उलटी केली तरी हलायची नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि असायला हरकतही नव्हती.

सुनेत्राबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. बसलेल्या नाही, उभ्या. पडद्यावर वीटभट्टीची कमान, पोलिसांची दोरी, आणि फुटलेले स्टीलचे डबे रस्त्यावर.

“आई,” शर्वरी म्हणाली, “ओवी दवाखान्यात आहे.”

“कोण ओवी?”

“पल्लवीची मुलगी. रुग्णांच्या यादीत नाव दिसलं. पाच वर्षांची. तिचीही लघवी बंद झालीय.”

सुनेत्राबाईंनी टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कोरडा होता. “आम्हाला एकच मुलगा,” त्या म्हणाल्या, पण कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शर्वरीला पत्रकारांसमोर आकडे मांडायचे होते. निघताना सासूनं नेहमीप्रमाणे तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, वर साखर. कामाला जाताना दही हातावर, हा या घरचा नेम होता. परीक्षा असो, मुलाखत असो, दाताच्या डॉक्टरकडे जायचं असो. शर्वरीनं चाटून खाल्लं आणि निघाली.

*

ती आधी दवाखान्यात गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

मुलांच्या वॉर्डाबाहेर सुजात बसला होता. तो आयटीआयमध्ये शिकवायचा. शर्टाची बाही फाटली होती, कुणीतरी धरून ओढल्यासारखी. त्यानं वर बघितलं.

“या मॅडम. भेटायला आलात की नमुना घ्यायला?”

“सुजात, मी...”

“नाही, विचारून घेतलेलं बरं. काल तुमची माणसं आली आणि माझ्या संडासात नळी घालून गेली. चपला न काढता. देव्हाऱ्यासमोरून गेली.”

आत पल्लवी ओवीच्या पायथ्याशी बसली होती. पोरीच्या मानेतून दोन नळ्या निघून एका यंत्रात गेल्या होत्या, आणि यंत्र तिचं रक्त धुऊन परत देत होतं. पोरीचे डोळे सुजून बारीक झाले होते. दाराशी एक महिला हवालदार खुर्ची टाकून बसली होती. नवा कायदा सरळ होता: साथीचा उगम ज्या चुलीत, त्या चुलीचा मालक आरोपी.

“वहिनी,” पल्लवी म्हणाली. नऊ वर्षांनी भेटल्यावरही तिनं वहिनीच म्हटलं. “मी दूध दोनदा उकळते गं. भाज्या मिठाच्या पाण्यात. पाण्याला फिल्टर. मी माझ्या पोरीलाही तेच घालते जे डब्यात घालते.”

“ताक?”

“घरच्या दह्याचं.”

“विरजण कुठलं?”

पल्लवीनं ओवीची चादर उगाच सारखी केली. “शेजारचं.”

“शेजारी कोण?”

“अगं, शेजारचं म्हणजे... दुकानातलं. आठवत नाही मला.” मान खाली. “आता हे कशाला विचारतेस? दह्यात कुठं जंतू असतात? तूच सांगायचीस ना, दही आंबट, त्यात वाईट जंतू मरतात म्हणून?”

शर्वरी खरंच सांगायची. पल्लवीच्या लग्नाआधी दोघींची गट्टी होती. आणि पल्लवी खोटं बोलायला लागली की चादर, ओढणी, जे हाताला लागेल ते सारखं करायची, हेही तिला तेव्हापासून माहीत होतं.

*

केंद्रात परतल्यावर तिनं वंशावळ काढली.

जंतूची वंशावळ असते. जंतू स्वतःची नक्कल करत वाढतो, आणि नक्कल करताना अधूनमधून चुकतो. पोथी उतरवणाऱ्याच्या हातून एखादं अक्षर सुटावं, तसं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये तशीच उतरते, वर नव्या चुकांची भर पडते. ज्या जंतूत चुका कमी, तो आजा. ज्यात जास्त, तो नातू. प्रत्येक मॅनहोलखाली बसवलेली डबी गटारातल्या पाण्यातून ही अक्षरं वाचते, ‘नाडी’ ती जुळवते, आणि कुणाकडून कुणाकडे गेला त्याचं झाड उभं राहतं. माणसं काय सांगतात याच्याशी त्या झाडाला काहीएक देणंघेणं नसतं.

हॉस्टेलं, बालवाड्या, सगळ्या फांद्या वीटभट्टीच्या नाल्यावर येऊन मिळत होत्या. इथवर साहेबांचं बरोबर होतं. पण वीटभट्टीच्या जंतूत सुरुवातीपासूनच भरपूर चुका होत्या. म्हणजे तो तिथं जन्मला नव्हता. त्याला बाप होता, आजा होता, आणि झाडाला मात्र मूळच नव्हतं. बुंधा हवेत लोंबत होता.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. हा जंतू आम्लाला दाद देत नव्हता. आंबटपणा सोसायची त्याची ताकद कमावलेली होती, तालमीत कमावतात तशी. कुणीतरी त्याला पुन्हा पुन्हा आंबट भांड्यात सोडत होतं. दर वेळी बहुतेक मरत होते, चारदोन चिवट उरत होते, त्यांची पैदास होत होती, मग पुन्हा आंबट. चाळणीवर चाळणी. असा जंतू माणसाच्या जठरातल्या आम्लातूनही सहीसलामत खाली उतरतो. बाकीच्यांना लाखो लागतात, याचे चिमूटभर पुरतात.

“साहेब, नव्या संकुलांची मर्यादा खाली आणते,” ती म्हणाली.

बोरगावकरांनी चष्मा काढला. “नको.”

ही मर्यादाही सांगायला हवी. ‘नाडी’ सुरू झाली तेव्हा मधुबनसारख्या सोसायट्यांचे पाइपही लाल व्हायला लागले होते. कधी कावीळ, कधी टायफॉइड, माणसं राहतात तिथं असतंच. पण फ्लॅटचे भाव पडले. मग शिष्टमंडळं गेली, आणि महासभेनं एकमतानं ठराव केला, की गेटवाल्या संकुलांमध्ये क्षीण संकेत दाखवू नयेत, नागरिकांत घबराट पसरते. वस्त्यांसाठी असा ठराव झाला नाही. वस्तीतल्यांना भाव नसतो, तो पडणार कसा? म्हणून यंत्राला निम्म्या शहराचं गू दिसायचं आणि निम्म्या शहराचं दिसायचं नाही, आणि याला आपण विज्ञान म्हणत होतो.

“साहेब, झाडाला मूळ नाही.”

“उगम सापडलाय. आयुक्त खूश आहेत. चारला पत्रकार येतायत.”

“मूळ नसलेलं झाड दाखवू आपण त्यांना?”

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “मी जेवायला जातो,” ते म्हणाले. “मागं काय होतं ते मला माहीत नाही.”

ते गेले. शर्वरीनं मर्यादा काढून टाकली.

भिंतीवर करड्या रेघा एकेक करून उजळायला लागल्या. फिकट गुलाबी, मग गडद. दोन-तीन संकुलं. मग मधुबन. नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटच्या पाइपला स्वतंत्र डबी होती. बिल्डरनं जाहिरातीत मिरवलं होतं. दाभाड्यांचा फ्लॅट. वरचा. समोरचा. सगळे एकमेकांची भावंडं. झाड खाली खाली सरकत गेलं, चुका कमी कमी होत गेल्या, आणि एका पाइपवर येऊन थांबलं. तिथं चुका जवळपास नव्हत्याच. तिथं आजा बसला होता.

बी विंग, तिसरा मजला. देशमाने.

शर्वरीनं पत्ता पुन्हा वाचला. स्वतःच्या घराचा पत्ता माणूस कधी वाचत नाही, लिहितो फक्त. तिच्या जिभेवर सकाळच्या दही-साखरेची चव अजून होती. उठून ती बेसिनकडे धावली.

*

घरी नवरा, निशांत, आधीच आला होता. तिनं फोनवर सांगितलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, जणू कुणी आत शिरणार होतं.

“मशीन चुकत असेल,” तो म्हणाला.

“काल वीटभट्टी लाल झाली तेव्हा कुणी म्हणालं नाही मशीन चुकतंय.”

“शर्वरी, डोकं चालव. आईला नेतील. या वयात! नोकरी जाईल तुझी, घराला सील लागेल. आणि आपण कुठं आजारी आहोत?”

“आपल्या आतड्यांना सवय झालीय. वर्षभर थोडं थोडं खातोय. उन्हाळ्यात मी आठवडाभर पडून होते, त्याला आपण ॲसिडिटी म्हटलं.”

सुनेत्राबाई ओट्याशी होत्या. समोर विरजणाचं दगडी भांडं, ज्याला घरात कुणी हात लावायचं नाही ते. शर्वरी त्यांच्याजवळ गेली.

“आई, तुम्ही दूध तापवता ना?”

“म्हणजे काय! चांगलं उतू जाईस्तोवर.”

“सगळं?”

“सगळं. देवाचं सोडून.”

“देवाचं म्हणजे?”

“गुरुवारचं. दत्ताच्या अभिषेकाचं. ते निरसंच लागतं, तापवलेलं देवाला चालत नाही. गेल्या वर्षापासून गोशाळेतून येतं, देशी गाईचं, धारेचं.” त्यांच्या आवाजात थोडा तोराही होता. “पंचामृताला त्याचं वेगळं दही लावते मी, न तापवता.”

“आणि उरलेलं?”

“देवाचं टाकतात का कुणी? विरजणात घालते.”

दर गुरुवारी. नवं निरसं दूध, गोठ्यातून आलेले नवे जंतू, आणि तेच आंबट भांडं. चाळणीवर चाळणी.

“आई, या भांड्यातलं पल्लवीकडे कसं गेलं?”

“आम्हाला एकच...”

“आई!” शर्वरी ओरडली. या घरात ती कधी ओरडली नव्हती. “आतड्यातल्या जंतूला वचन माहीत नाही. तो या भांड्यातून तिच्या भांड्यात गेलाय, सरळ. मधे कुणी नाही. भिंतीवर लिहून आलंय ते!”

सुनेत्राबाईंनी ओट्याची कड धरली. निशांत पुढे झाला, पण त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

“मी बोलले नाही तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “एक शब्द नाही. विचार तिला. दत्ताच्या देवळात चपला ठेवतात ना, तिथं मी बसते गुरुवारी. डबी शेजारी ठेवते. ती येते, चपला काढते, डबी उचलते. मागची डबी ठेवते, घासलेली. ती पण बोलत नाही. नऊ वर्षं. दही लावता येत नव्हतं गं तिला. इथं असताना कधी लागलंच नाही नीट. पाण्यासारखं व्हायचं.” त्या थांबल्या. “वचन मोडलं नाही मी.”

निशांत खुर्चीत बसला. आईकडे बघत राहिला, अनोळखी बाईकडे बघावं तसा.

“तिच्या डबीत मी वरचं घालायची,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “नुसतं देवाचं. अभिषेकाचं. तिच्याकडं देव्हारा आहे की नाही कोण जाणे, म्हटलं घरात प्रसाद तरी जावा. लेकराच्या पोटात जावा.”

कुकरची शिट्टी झाली, ती शेजारच्या घरातली.

शर्वरीनं भांडं उचललं, तीन पिशव्यांत बांधलं. “चारला मी हा पत्ता सांगणार आहे,” ती म्हणाली. “पल्लवीनं तोंड उघडलं नाही. ती तुरुंगात जाईल, पोर मेली तरी जाईल, पण तुमचं नाव घेणार नाही. तुमचीच मुलगी आहे.”

ती निघाली तशी सुनेत्राबाईंचा हात सवयीनं चमच्याकडे गेला. मधेच थांबला. त्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. तसाच हवेत धरून त्या उभ्या राहिल्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. “चपला घालते.”

*

पत्रकार परिषद झालीच नाही. शर्वरीनं पत्ता दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सांगितला, कारण कॅमेरे तिथं होते आणि हवालदार पल्लवीला खाली आणत होती. ओवीचं रक्त यंत्रात फिरत असताना आईला चौकशीला नेत होते. सुजात दोन पोलिसांच्या मधे अडकून ओरडत होता. गर्दीतून कुणीतरी जात काढून शिवी दिली.

“उगम वीटभट्टी नाही,” शर्वरी म्हणाली. “मधुबन सोसायटी. बी विंग. माझं घर.”

गर्दीला ते कळलंच नाही. शिवी द्यायला तोंड उघडलेल्या माणसाचं तोंड तसंच राहिलं, कारण आता कुठली जात काढायची ते त्याला सुचेना.

“खोटं आहे!” पल्लवी किंचाळली. “विरजण दुकानातलं होतं. वहिनीला काही माहीत नाही. दुकानातलं होतं!”

सुनेत्राबाई गर्दीतून पुढे आल्या. पदर डोक्यावर, जशा देवळात यायच्या तशा. पल्लवीसमोर येऊन उभ्या राहिल्या. ओठ हलले, आवाज निघेना. नऊ वर्षं न वापरलेली वाट होती ती.

“माझं होतं,” त्या म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, कॅमेऱ्यांकडे नाही, पोरीकडे बघत, “पल्लू, माझं होतं.”

पल्लवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हवालदारीणबाई एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या, कुणाचा दंड धरावा ते न समजून.

त्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी घडल्या. सुनेत्राबाईंवर गुन्हा नोंदवला गेला, वयामुळं जामीन मिळाला. शर्वरीला निलंबित केलं, मर्यादा परस्पर काढल्याबद्दल. जेवायला गेलेल्या बोरगावकरांनी त्या आदेशावर सही केली. कालपर्यंत ‘वस्तीचं विष’ छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी आता ‘श्रद्धेतून घडलेली दुर्दैवी चूक’ छापलं. जंतू तोच होता. फक्त पत्ता बदलला होता. दाभाड्यांनी ग्रुपवरचे मेसेज खोडले आणि रक्त तपासून घेतलं. पल्लवीचे फुटलेले डबे कुणी भरून दिले नाहीत.

आणि ओवी यंत्रावरच होती. पल्लवीला सोडलं, ती पायथ्याशी. सुनेत्राबाई दाराबाहेर, जमिनीवर, भिंतीला टेकून. आत या असं कुणी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. सुजात जाता-येता त्यांना ओलांडून जायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं न बोलता चहाचा कप शेजारी ठेवला. त्यांनी तो उचलला आणि प्यायल्या. वीटभट्टीच्या माणसानं दिलेला, आयुष्यातला पहिला.

मग एका सकाळी नर्स लगबगीनं बाहेर आली. “अहो आजी, जरा धरा की हे, माझे हात मोकळे नाहीत.” तिनं सुनेत्राबाईंच्या हातात लघवीचं भांडं कोंबलं आणि त्यांना आत ढकललं.

शर्वरी खिडकीपाशी उभी होती. तिनं बघितलं, की सोवळ्यात दुसऱ्याची सावली पडली तर पुन्हा अंघोळ करणारी तिची सासू त्या भांड्यावर वाकली आहे, श्वास धरून. भांड्यात चार थेंब पडले. मग थोडी धार. चहाच्या रंगाची, जेमतेम तळ झाकेल एवढी. नर्स “आलं, आलं!” म्हणत डॉक्टरला बोलवायला धावली. पल्लवी हुंदके द्यायला लागली. सुनेत्राबाई भांडं दोन्ही हातांत धरून तशाच, हलल्या तर सांडेल म्हणून.

ओवीनं सुजलेले डोळे किलकिले केले. समोरच्या म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं. आईनं तिला या बाईबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. नाव नाही, नातं नाही.

“आई,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ही बघ, चपलांजवळची बाई.”